दहा आठवड्यांसाठी बांधलेली हॉटेलं

एका वाचकाने विचारलंय: अमेरिकेच्या ईशान्येकडच्या डोंगरांत व्हिक्टोरियन काळात शेकडो खोल्यांची लाकडी हॉटेलं उभी राहिली. आडरानात एवढा पसारा कुणी आणि कशासाठी मांडला? आणि त्यातली आज बोटांवर मोजण्याइतकीच का उरली? पुढे त्यांनी स्वतःच उत्तर सुचवलंय: "बहुतेक सगळी जळाली, असं वाचलं. हेच कारण ना?"

मी न्यू इंग्लंडमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यातल्या राज्यांत, जुन्या लाकडी इमारतींच्या जतनाचं काम करतो, त्यामुळे हा प्रश्न मला कामाच्या ठिकाणीही सारखा ऐकू येतो. मला सगळ्यात जवळून माहीत असलेला भाग म्हणजे न्यू हॅम्पशायर राज्यातले व्हाइट माउंटन्स, म्हणून मुख्यतः तिथलंच सांगतो.

आगीचं आधी. आगी लागल्या हे खरं, पण त्या सुरुवातीपासूनच लागत होत्या. क्रॉफर्ड खिंडीतलं क्रॉफर्ड हाउस 1859 च्या वसंतात जळून खाक झालं आणि त्याच उन्हाळ्यात नवं हॉटेल पाहुण्यांसाठी उघडलं. ग्लेन हाउस 1884 मध्ये जळलं आणि लगेच पहिल्यापेक्षा देखणं बांधलं गेलं. म्हणजे आगीत इमारत जायची, धंदा जात नव्हता. विसाव्या शतकात हे चित्र उलटलं. 1923 मध्ये प्रोफाइल हाउस जळालं आणि मालकांनी ते पुन्हा बांधण्याऐवजी जमीन विकायला काढली. त्यामुळे हॉटेलं का जळाली, यापेक्षा जळाल्यावर ती पुन्हा का उभी राहिली नाहीत, हा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो.

आता मुळापासून. या डोंगरांत पहिल्यांदा पाहुणे आले ते हॉटेलांत नाही, शेतकऱ्यांच्या घरांत. एबल क्रॉफर्ड आणि त्याचा मुलगा ईथन ॲलन क्रॉफर्ड खिंडीत राहायचे, मालगाड्या हाकणाऱ्यांना रात्रीपुरता आसरा द्यायचे. 1819 मध्ये या बापलेकांनी माउंट वॉशिंग्टनच्या दिशेने पायवाट पाडली, ती आजही वापरात आहे. मग ऑगस्ट 1826 मध्ये एक भीषण प्रकार घडला. अतिवृष्टीत खिंडीतली दरड कोसळली. सॅम्युएल विली, त्याची बायको, पाच मुलं आणि दोन गडी जीव वाचवायला घराबाहेर धावले आणि नऊच्या नऊ जण गाडले गेले. घर मात्र जागच्या जागी शाबूत राहिलं, कारण मागच्या उंचवट्यावर आदळून दरड दुभंगली होती. ही बातमी देशभर पसरली आणि ते रिकामं घर बघायला लोकांची रीघ लागली. चित्रकार आले, लेखक आले. थॉमस कोल याने 1839 मध्ये रंगवलेलं खिंडीचं चित्र आजही अमेरिकन निसर्गचित्रांत मानाचं समजलं जातं. थोडक्यात, इथल्या पर्यटनाचा पहिला मोठा धक्का दुर्घटनेने दिला. हे ऐकायला बरं वाटत नाही, पण आहे ते असं आहे.

तरीही चित्रं पाहून आलेल्या मूठभर हौशी लोकांवर शेकडो खोल्या भरत नसतात. त्यासाठी रेल्वे लागली. शेजारच्या मेन (Maine) राज्यातल्या पोर्टलंडहून निघालेली लोहमार्गाची रेघ 1851 मध्ये डोंगरांच्या पूर्वेला गोरम या गावी पोचली आणि पाठोपाठ, 1852 च्या सुमारास, ग्लेन हाउस सुरू झालं. पलीकडे फ्रँकोनिया खिंडीत 1853 मध्ये प्रोफाइल हाउस आलं. ते नाव पडलं समोरच्या कड्यावरून. माणसाच्या चेहऱ्यासारखा दिसणारा तो खडक 2003 च्या मे महिन्यात कोसळला. 1861 मध्ये माउंट वॉशिंग्टनच्या माथ्यापर्यंत घोडागाडीचा रस्ता झाला. हा डोंगर 1,917 मीटर उंच. सह्याद्रीतल्या कळसूबाईपेक्षा थोडासाच जास्त, पण हवामान असं की ऑगस्टमध्येही वर कुडकुडायला होतं.

यानंतर आला सिल्व्हेस्टर मार्श. शिकागोत मांसप्रक्रियेच्या धंद्यात पैसा करून निवृत्त झालेला हा माणूस 1858 मध्ये राज्याच्या विधिमंडळाकडे गेला आणि डोंगरमाथ्यावर दातेरी रूळांची रेल्वे (इंजिनाचं दातेरी चाक मधल्या दातेरी रूळात अडकत वर चढते ती) न्यायची परवानगी मागू लागला. सभासदांनी खिल्ली उडवली की बाबा रे, चंद्रापर्यंतही ने. परवानगी मात्र दिली. 1869 च्या जुलैत गाडी माथ्यावर पोचली. सगळ्यात खडा चढ 37 टक्क्यांच्या वर. जगातली डोंगर चढणारी ही पहिली दातेरी रेल्वे. स्वित्झर्लंडमधली रिगीची रेल्वे त्यानंतर, 1871 मध्ये सुरू झाली. इथले रेल्वे-कामगार संध्याकाळी घरी जायला एक फळी वापरायचे. मधल्या दातेरी रूळावर ती ठेवायची, वर बसायचं आणि ब्रेक हाताशी धरून घसरत खाली यायचं. सुमारे पाच किलोमीटरचं हे अंतर कुणीतरी तीन मिनिटांच्या आत उतरल्याचं सांगतात. एका कामगाराचा जीव गेल्यावर तो प्रकार बंद झाला.

1875 मध्ये पोर्टलंड-ऑग्डेन्सबर्ग रेल्वे थेट क्रॉफर्ड खिंडीतून गेली. फ्रँकेनस्टाइन नावाच्या कड्याला लगटून दरीवर उभारलेल्या लोखंडी पुलावरून गाडी जाताना प्रवासी श्वास रोखून बसायचे. (हा फ्रँकेनस्टाइन म्हणजे गॉडफ्री नावाचा चित्रकार, राक्षसाशी संबंध नाही.) गर्दीचं केंद्र पूर्वेकडून पश्चिमेला सरकलं. फेबियन हाउस, ट्विन माउंटन हाउस, माउंट प्लेझंट हाउस, क्रॉफर्ड हाउस ही सगळी रूळांच्या कडेला. पूर्वेकडचं ग्लेन हाउस 1893 मध्ये दुसऱ्यांदा जळालं तेव्हा तितकं मोठं पुन्हा कुणी बांधलं नाही. माझ्या मते त्याचं उत्तर रेल्वेच्या नकाशातच आहे. तिथे जायला स्टेशनवर उतरून पुन्हा घोडागाडीत बसावं लागायचं.

कोण यायचं? बॉस्टन, न्यूयॉर्क, फिलाडेल्फियाची सधन कुटुंबं. आठवडाभरासाठी नाही, अख्ख्या उन्हाळ्यासाठी. बायका, मुलं, दाया, ट्रंकांवर ट्रंका. नवरा शनिवारी गाडीने यायचा आणि सोमवारी परत जायचा. खोलीच्या भाड्यातच तिन्ही वेळचं जेवण धरलेलं असे, त्यामुळे हॉटेल सोडून बाहेर जेवायचा प्रश्नच नव्हता. दूधदुभत्यासाठी आणि भाजीपाल्यासाठी बऱ्याच हॉटेलांची स्वतःची शेती, स्वतःचे गोठे. आत पोस्ट, तार ऑफिस, वाद्यवृंद. क्रॉफर्ड हाउसने तर चित्रकार ठेवला होता. फ्रँक शेप्ली 1877 पासून सोळा उन्हाळे तिथे बसून चित्रं काढत होता आणि पाहुणे ती विकत घेऊन घरी नेत होते. आठवण म्हणून काहीतरी न्यायची हौस तेव्हाही होतीच. माउंट वॉशिंग्टनच्या माथ्यावर 1877 पासून एक वर्तमानपत्र छापलं जायचं. कोण कुठल्या हॉटेलात उतरलंय याची नावनिशीवार यादी त्यात येई आणि लोक ती चवीने वाचत. छापखाना डोंगराच्या टोकावर न्यायचा खटाटोप यासाठी.

आता सगळ्यात कमी सांगितली जाणारी गोष्ट: शिंका. ऑगस्टच्या मध्यापासून पहिलं हिव पडेपर्यंत अमेरिकेच्या पूर्व भागात रॅगवीड नावाच्या तणाचे परागकण हवेत असतात. नाक-डोळे वाहणं, धाप लागणं, म्हणजे ज्याला 'हे फीवर' (hay fever) म्हणतात ते. इंग्लंडमधल्या मँचेस्टरच्या डॉ. चार्ल्स ब्लॅकली यांनी परागकणांशी त्याचा संबंध 1873 मध्ये दाखवून दिला, पण औषध असं काही नव्हतं. एकच उपाय होता, ते तण उगवत नाही अशा ठिकाणी जाणं. व्हाइट माउंटन्समधलं बेथलेहेम हे गाव त्यासाठी इतकं नावाजलं की 1870 च्या दशकात 'हे फीवर'च्या रुग्णांनी तिथे चक्क संघटना काढली. ब्रुकलिनचे त्या काळचे अतिशय प्रसिद्ध धर्मोपदेशक हेन्री वॉर्ड बीचर याच त्रासापायी ट्विन माउंटन हाउसला येऊन राहायचे. रविवारी त्यांची प्रवचनं ऐकायला लोक गाड्या भरभरून येत.

हॉटेलवाल्याच्या दृष्टीने हिशेब बघा. जुलै-ऑगस्टचे आठ आठवडे सहलीची गर्दी. लेबर डे (सप्टेंबरचा पहिला सोमवार) झाला की शाळा सुरू, कुटुंबं परत. पण शिंकणारा पाहुणा सप्टेंबर संपेपर्यंत हलत नाही. अशा धंद्यात नफा-तोटा त्या शेवटच्या दोन-तीन आठवड्यांवर ठरतो. बेथलेहेमसारख्या खेड्यात हॉटेलांची रांग लागली ती नुसत्या देखाव्यामुळे लागली नाही.

दहा-बारा आठवडे चालणारी इमारत, ही गोष्ट लक्षात ठेवली की तिची बांधणीही आपोआप समजते. दगड-विटांत पैसा कोण घालणार? लाकूड दाराशी होतं, करवतीच्या गिरण्या होत्या, सुतार हिवाळ्यात मोकळे होते. जोतं दगडी, वरचं सगळं लाकडी. भिंतीत उष्णता धरून ठेवणारं काही नाही. पाण्याचे नळ मुद्दाम उतारावर टाकलेले, तळघरात एका ठिकाणी तोट्या. ऑक्टोबरमध्ये त्या उघडून सगळं पाणी सोडून द्यायचं, नाहीतर जानेवारीत नळात बर्फ होऊन पाइप फुटणार. अशा एखाद्या जुन्या हॉटेलच्या तळघरात उतरलो की मी आधी हाच उतार बघतो. मधेच उलटा उतार दिसला तर तो पाइप नंतर कुणीतरी टाकलेला.

मजल्यांवरही अशाच खुणा असतात. ही हॉटेलं एका झटक्यात बांधलेली क्वचितच. बहुतेकांच्या पोटात मूळचं शेतघर किंवा छोटी खानावळ असते. धंदा वाढला की एक बाजू वाढवली, पुढच्या तेजीत दुसरी. लांब कॉरिडॉरमधून चालताना पायाखाली अचानक हातभर उतार लागतो, गालिचा घातलेला असतो म्हणून डोळ्यांना दिसत नाही. तिथे दोन वेगवेगळ्या सालांच्या इमारती जोडलेल्या आहेत, मजल्यांची उंची जुळली नाही म्हणून सुताराने उतार दिलाय. दारावरच्या झडपा उघडता येतात, कारण पंखे नव्हते आणि हवा खेळवायची होती. खिडकीजवळ भिंतीत एखादा जाड लोखंडी आकडा दिसला तर तो दोरासाठी. आग लागली तर पाहुण्याने दोर खाली सोडून चौथ्या मजल्यावरून उतरावं अशी ती व्यवस्था. घेरदार झगे घातलेल्या बायकांनी ते कसं करायचं, याचा विचार कुणी केलेला दिसत नाही.

आग पसरायची कशी, तेही सांगतो. त्या काळात एक पद्धत फार चालली होती: भिंतीचे उभे वासे जोत्यापासून छपरापर्यंत सलग न्यायचे आणि मजले त्यांना आतून ठोकायचे. काम झटपट व्हायचं, लाकूड कमी लागायचं. पण दोन वाशांमधली पोकळी तळापासून माळ्यापर्यंत सरळ मोकळी. भटारखान्यात ठिणगी पडली की ती पोकळी धुराड्याचं काम करते. तळमजल्यावर धूर दिसेपर्यंत छप्पर पेटलेलं असतं. आज आम्ही अशा इमारतीत पहिलं काम कुठलं करत असू, तर प्रत्येक मजल्याच्या पातळीवर या पोकळ्या आडव्या फळ्यांनी बंद करणं. कंटाळवाणं काम, बाहेरून काहीच दिसत नाही, आणि पैसे देणाऱ्याला ते पटवून द्यावं लागतं.

थोडं बाजूला जाऊन कॅट्सकिल डोंगरांचं एक सांगतो, कारण ते सांगितल्याशिवाय राहवत नाही. न्यूयॉर्क राज्यात हडसन नदीच्या वर कड्याच्या टोकावर कॅट्सकिल माउंटन हाउस 1820 च्या दशकापासून होतं. पुढे तेरा शुभ्र खांब, खाली सगळं खोरं. मालक चार्ल्स बीच. तिथे फिलाडेल्फियाचे मोठे पेटंट-वकील जॉर्ज हार्डिंग उतरायचे. सांगतात ते असं की पथ्यामुळे त्यांच्या मुलीला गोमांस चालत नव्हतं, त्यांनी तिच्यासाठी तळलेली कोंबडी मागितली आणि ती मिळाली नाही. शब्दाला शब्द वाढला. तुम्हाला कोंबडी हवी तर स्वतःचं हॉटेल काढा, असं उत्तर मिळाल्याची दंतकथा आहे. कोंबडीचं खरं-खोटं काहीही असो, हार्डिंगनी 1881 मध्ये जवळच्याच डोंगरावर त्याहून कितीतरी मोठं हॉटेल काटरस्किल खरंच उघडलं. ते 1924 मध्ये जळालं. बीचचं हॉटेल 1941 पर्यंत रडतखडत चाललं, मग ओस पडलं, आणि जानेवारी 1963 मध्ये राज्य सरकारच्या खात्याने ते स्वतः पेटवून दिलं. जमीन रानाला परत द्यायची होती. त्या वेळचे फोटो बघवत नाहीत.

या सगळ्या थाटामाटाची दुसरी बाजूही लपवण्यात अर्थ नाही. 1877 मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या साराटोगाच्या ग्रँड युनियन हॉटेलने जोसेफ सेलिगमन या नामांकित बँकरला ज्यू म्हणून दारातूनच परत पाठवलं. त्यावरून गदारोळ झाला, पण परिणाम उलटाच झाला. पुढची कित्येक वर्षं डोंगरातली अनेक हॉटेलं उघडपणे ज्यूंना घेत नसत. शिंका मात्र जातधर्म बघत नाहीत. विसाव्या शतकात बेथलेहेमला ज्यू कुटुंबं मोठ्या संख्येने येऊ लागली आणि इतरांनी पाठ फिरवल्यावर त्या गावाची हॉटेलं बऱ्याच अंशी त्यांनीच जगवली.

आणखी एक विसंगती. ज्या रेल्वेने पाहुणे आणले तिनेच जंगल नेलं. न्यू हॅम्पशायरने 1867 मध्ये डोंगरातली सरकारी जमीन किरकोळ किमतीला फुंकून टाकली. जे. ई. हेन्रीसारख्या लाकूड-सम्राटांनी रूळ टाकून दऱ्याच्या दऱ्या साफ केल्या. मागे राहिलेल्या फांद्या-पाल्याला इंजिनाच्या ठिणग्या लागून 1886 मध्ये झीलंड खोरं पेटलं. 1903 मध्ये तर वणव्यांनी कहर केला. व्हरांड्यातल्या झुलत्या खुर्चीतून काळा ठिक्कर डोंगर बघायला कोण पैसे देईल? हॉटेलवाले, पाहुणे, गिर्यारोहक आणि खालच्या नद्यांवर चालणाऱ्या कापडगिरण्या असे सगळे एकत्र आले. 1901 मध्ये वनसंरक्षणाची संस्था निघाली आणि 1911 मध्ये वीक्स कायदा झाला. नद्यांच्या उगमाकडची खाजगी जमीन केंद्र सरकारने विकत घेऊन राखावी, असा तो कायदा. आज पूर्व अमेरिकेत जी राष्ट्रीय वनं आहेत त्यातली बरीच या कायद्यामुळे आहेत. हॉटेलांनी मागे ठेवलेली सगळ्यात टिकाऊ गोष्ट कुठली, तर माझ्या मते हे जंगल.

मग बिघडलं कुठे? मोटारीत. रेल्वेने आलेला माणूस एका जागी महिनाभर राहायचा, कारण दुसरीकडे जाणं कटकटीचं होतं. मोटार आल्यावर तोच माणूस आज इथे, उद्या तिथे. एका रात्रीसाठी त्याला तीन वेळचं जेवण, वाद्यवृंद आणि नाचाचा हॉल नको होता. रस्त्याकडेची स्वस्त केबिन पुरे होती. शिवाय 1913 पासून आयकर आला, मग पहिलं महायुद्ध, मग 1929 ची महामंदी. पण मुख्य घाव मोटारीचा. प्रोफाइल हाउस जळाल्यावर मालकांनी फ्रँकोनिया खिंडच विकायला काढली तेव्हा किंमत ठरली 4,00,000 डॉलर. अर्धे राज्याने दिले, उरलेल्यांपैकी बरेचसे बॉस्टनच्या जेम्स स्टॉरो यांच्या देणगीतून आले, आणि बाकीचे लोकांनी "एक डॉलरला एक झाड" अशा वर्गणीतून जमवले. 1928 मध्ये खिंड जनतेची झाली. क्रॉफर्ड हाउस 1975 मध्ये बंद पडलं आणि 1977 मध्ये जळालं. हा क्रम लक्षात घ्या: आधी बंद, मग आग.

उरलेल्यांत सगळ्यात मोठं नाव ब्रेटन वुड्सचं माउंट वॉशिंग्टन हॉटेल. काटेकोर बोलायचं तर ते व्हिक्टोरियन नाही, राणी व्हिक्टोरिया 1901 मध्ये गेली आणि हे उघडलं 28 जुलै 1902 ला. पण घडण त्याच मुशीतली. कोळसा आणि रेल्वेत पैसा केलेल्या जोसेफ स्टिकनीने ते बांधलं, वास्तुविशारद चार्ल्स गिफर्ड. ग्रॅनाइटचं जोतं, पांढरा गिलावा, लाल छप्पर, कामाला इटालियन कारागीर. स्टिकनी 1903 च्या अखेरीस वारला. त्याला हॉटेल चालताना बघायला दोनच उन्हाळे मिळाले.

या हॉटेलशी आपला एक खरा धागा आहे. दुसऱ्या महायुद्धामुळे ते 1942 पासून बंद होतं. जुलै 1944 मध्ये 44 देशांची नाणेपरिषद भरवायला मोठी, निवांत आणि थंड जागा हवी होती. जुलैत वॉशिंग्टन शहराच्या उकाड्यात नेऊ नका, अशी विनवणी ब्रिटनचे अर्थतज्ज्ञ केन्स यांनी आधीच केली होती. घाईघाईत रंगरंगोटी आणि नळदुरुस्ती करून हॉटेल उघडलं. भारतीय शिष्टमंडळात रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, आपल्या रायगडकडचे चिंतामणराव देशमुख होते. सर जेरेमी रेझमन प्रमुख, शिवाय ए. डी. श्रॉफ आणि षण्मुखम् चेट्टी. युद्धकाळात ब्रिटनकडे अडकलेलं भारताचं पौंडांतलं येणं आणि या परिषदेत आकाराला येत असलेल्या आंतरराष्ट्रीय नाणेनिधीतला भारताचा वाटा, हे त्यांचे मुद्दे. येण्याचा प्रश्न परिषदेने हाती घेतला नाही. वाटा मात्र 40 कोटी डॉलर ठरला, आणि पुढे सोव्हिएत संघ बाहेर राहिल्यामुळे भारत पहिल्या पाचांत आला.

बघायला जायचं असेल तर: बॉस्टनहून मोटारीने साधारण तीन तास. माउंट वॉशिंग्टन हॉटेल चालू आहे, 1999 पासून हिवाळ्यातही. व्हाइटफील्डचं माउंटन व्ह्यू आणि जॅक्सनचं ईगल माउंटन हाउस हीसुद्धा आहेत. डिक्सव्हिलचं बॉल्सम्स 2011 पासून बंद आहे. दातेरी रेल्वे चालते. उन्हाळ्यात नॉर्थ कॉनवेहून जुन्या डब्यांची गाडी त्याच रूळांवरून, त्याच फ्रँकेनस्टाइन पुलावरून क्रॉफर्ड खिंडीत नेते, तिकीट आधी काढावं. उतरल्यावर क्रॉफर्ड हाउसच्या जागी आता ॲपलेशियन माउंटन क्लब या गिर्यारोहण संस्थेचं निवासस्थान दिसेल. त्याच आवारात शेप्लीचा छोटा स्टुडिओ अजून उभा आहे, तो चुकवू नका.